विश्लेषण : ‘क्रोकोडाइल डंडी’ नेमका कोणाचा? पॉल होगन यांचा, की ऑस्ट्रेलियाचा?

मे २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील चित्रपटगृहांत एक जुना चित्रपट नव्याने झळकला. १९८६ च्या ‘क्रोकोडाइल डंडी’ची ही ‘फोर-के’ प्रत ‘एन्कोअर कट’ या नावाने आली. सोबतीला चित्रपटाच्या निर्मितीची गोष्ट सांगणारा ‘लव्ह ऑफ अ‍ॅन आयकॉन’ हा माहितीपट होता. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, या चित्रपटात दिसलेली ‘बर्ट’ ही खाऱ्या पाण्यातील मगर डार्विनमध्ये वयोमानाने मेली. वय नव्वदीच्या पुढे असल्याचा अंदाज होता. तिच्या मृत्यूची बातमी जगभरच्या माध्यमांनी चालवली. चार दशकांनंतर मगरीचीही बातमी होते, तर चित्रपटाच्या नायकाचे काय झाले असेल?

नायक पॉल होगन. विनोदवीर, टीव्ही सूत्रधार, अभिनेता, पटकथालेखक, सिगारेटचा चेहरा, पर्यटन खात्याचा चेहरा आणि एके काळी करचुकवेगिरीच्या चौकशीतील संशयित. ही कारकीर्द नुसती ‘अष्टपैलू’ म्हणून सोडून देता येत नाही. तिच्या जवळपास प्रत्येक वळणावर एकच वाद उभा राहिला आहे : माणसाने कमावलेल्या प्रतिमेवर हक्क कोणाचा आणि तिच्यातून येणारा पैसा कोणाचा?

पुलावरचा कामगार टीव्हीवर कसा पोहोचला?

होगन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९३९ चा, सिडनीचा. पश्चिम सिडनीतील ग्रॅनव्हिल या कामगारवस्तीत ते वाढले. शाळा लवकर सुटली. बरीच फुटकळ कामे केल्यानंतर ते सिडनी हार्बर ब्रिजवर ‘रिगर’ म्हणून लागले. म्हणजे पुलाच्या पोलादी सांगाड्यावर, पाण्यापासून कितीतरी उंचीवर, दोर आणि साखळ्या लावण्याचे काम.

१९७१ मध्ये ‘न्यू फेसेस’ नावाच्या प्रतिभाशोध कार्यक्रमात त्यांनी नाव नोंदवले. स्पर्धकांची यथेच्छ टिंगल करण्याबद्दल त्या कार्यक्रमाचे परीक्षक प्रसिद्ध होते. होगन यांनी अर्जात स्वतःचे वर्णन ‘टॅप डान्स करत सुऱ्या फेकणारा कलाकार’ असे केले, मंचावर गेले आणि परीक्षकांचीच टिंगल केली. (२०२० मध्ये आलेल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी ‘द टॅप-डान्सिंग नाइफ थ्रोअर’ असेच ठेवले.) लोकांना हा माणूस इतका आवडला की त्यांना पुन्हा बोलावणे आले.

त्यानंतर ‘अ करंट अफेअर’ या चालू घडामोडींच्या कार्यक्रमाचे निर्माते जॉन कॉर्नेल यांनी त्यांना हेरले. गंभीर बातम्यांच्या शेवटी हा पुलावरचा कामगार कॅमेऱ्यासमोर येई आणि जगाच्या कारभारावर आपले मत देई. १९७३ मध्ये ‘द पॉल होगन शो’ सुरू झाला आणि तो १९८४ पर्यंत चालला. बाह्या कापलेला शर्ट, आखूड चड्डी आणि पायात फुटबॉलचे बूट हा त्यातला त्यांचा वेश. कॉर्नेल स्वतः ‘स्ट्रॉप’ नावाच्या बावळट मित्राची भूमिका करत. बाहेर मात्र ते अत्यंत चलाख व्यवस्थापक होते. १९७७ मध्ये केरी पॅकर यांनी ‘वर्ल्ड सिरीज क्रिकेट’ उभारून क्रिकेट मंडळांची झोप उडवली, त्या कल्पनेमागच्या मोजक्या डोक्यांपैकी एक कॉर्नेल यांचे होते. रंगीत कपडे आणि प्रकाशझोतातील सामने क्रिकेटमध्ये रुळवणारी ती मालिका. होगन यांच्या यशात या माणसाचा वाटा किती, याची चर्चा फारच कमी होते. कॉर्नेल २०२१ मध्ये गेले.

ब्रिटनमध्ये २ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘चॅनेल फोर’ ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा पहिल्याच रात्रीच्या कार्यक्रमांत ‘द पॉल होगन शो’ होता. ‘फॉस्टर्स’ बिअरच्या जाहिरातींमुळे तिथे त्यांचा चेहरा घरोघरी ठाऊक झाला.

ऑस्ट्रेलियन इंग्रजीत ‘लॅरिकिन’ असा एक शब्द आहे. आपला ‘टारगट’ त्याच्या जवळ जातो. पण त्यात तिरस्कार नाही, कौतुक आहे. बड्यांना न जुमानणारा, थट्टेखोर, मनाने सरळ माणूस. होगन यांनी हा माणूस इतक्या सहज उभा केला की तो अभिनय आहे हेच लोक विसरले. पुढचा सगळा व्यवहार या विसरण्यावर झाला.

सिगारेटच्या जाहिरातीचे प्रकरण काय होते?

या प्रतिमेची ताकद सर्वांत आधी ओळखली ती तंबाखू कंपनीने. १९७२ पासून ‘विनफिल्ड’ सिगारेटच्या जाहिरातींत होगन दिसू लागले. त्यात ते रुबाबदार डिनर जॅकेट घालत, आणि बोलत मात्र ग्रॅनव्हिलच्या पोरासारखे. श्रीमंतीची खिल्ली उडवत सिगारेट विकणारी ही मोहीम कमालीची यशस्वी ठरली.

ऑस्ट्रेलियात टीव्ही आणि रेडिओवरील सिगारेटच्या थेट जाहिराती टप्प्याटप्प्याने कमी करत १९७६ मध्ये बंद झाल्या. पण छापील जाहिराती आणि फलकांवर होगन कायम राहिले. अडचण अशी होती की त्यांचा टीव्ही शो शाळकरी मुलांत प्रचंड लोकप्रिय होता. तंबाखू उद्योगाने स्वतःच स्वीकारलेल्या आचारसंहितेत तर ‘मुलांना आणि तरुणांना विशेष आकर्षण असलेली व्यक्ती जाहिरातीत नको’ असे कलम होते. सायमन चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या छोट्या गटाने नेमके याच कलमावर बोट ठेवून तक्रार केली. निवृत्त न्यायाधीश सर रिचर्ड कर्बी यांच्या अध्यक्षतेखालील जाहिरात मानक परिषदेने १९८० मध्ये तक्रार मान्य केली आणि होगन यांना जाहिरातींतून हटवावे लागले. तंबाखूविरोधी चळवळीच्या इतिहासात हा निकाल आजही शिकवण्यासारखा मानला जातो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. परिषदेने होगन काय बोलतात हे पाहिले नाही, त्यांच्याकडे कोण पाहते हे पाहिले. प्रसिद्ध चेहऱ्याची जबाबदारी त्याच्या शब्दांपुरती नसते, त्याच्या प्रेक्षकांपर्यंत जाते, हे तत्त्व त्यातून पुढे आले. मुलांच्या लाडक्या ताऱ्यांनी कशाची जाहिरात करावी, हा वाद आजही जिथे जिथे होतो तिथे पहिला प्रश्न हाच असायला हवा. बहुतेक वेळा तो शेवटी विचारला जातो.

देशाची जाहिरात त्यांनी फुकट केली?

हो. सिगारेटचा चेहरा म्हणून नाकारलेला माणूस चारच वर्षांत देशाचा चेहरा झाला. १९८४ मध्ये अमेरिकी प्रेक्षकांसाठी ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन खात्याने जाहिरात मोहीम काढली. होगन कॅमेऱ्यात पाहून सांगतात, या आमच्याकडे, तुमच्यासाठी शेगडीवर एक कोळंबी जास्तीची टाकतो. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियात कोळंबीला ‘श्रिम्प’ म्हणत नाहीत, ‘प्रॉन’ म्हणतात. अमेरिकी कानांसाठी शब्द बदलला आणि तोच ऑस्ट्रेलियाच्या नावाला कायमचा चिकटला. या कामासाठी होगन यांनी मानधन घेतले नाही. १९८५ चा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान त्यांना मिळाला.

फुकट म्हटले तरी व्यवहार दोन्ही बाजूंनी फायद्याचा ठरला. सरकारला स्वस्तात चेहरा मिळाला आणि होगन यांची ओळख सरकारी खर्चाने अमेरिकेतील घराघरांत पोहोचली. दोन वर्षांनी त्याच अमेरिकेत त्यांचा चित्रपट लागणार होता.

‘डंडी’साठी पैसा कुठून आला?

हा भाग सहसा कोणी सांगत नाही, आणि पुढचे कराचे प्रकरण समजून घ्यायचे तर तो टाळता येत नाही.

ऑस्ट्रेलियात १९८१ पासून प्राप्तिकर कायद्यात ‘टेन बीए’ नावाची तरतूद होती. देशी चित्रपटात पैसे गुंतवणाऱ्याला गुंतवणुकीपेक्षा जास्त रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येई. सुरुवातीला १५० टक्के, १९८३ पासून १३३ टक्के. कराचा सर्वोच्च दर तेव्हा ६० टक्के होता. आता हिशेब मांडून पाहा. १०० डॉलर गुंतवले, १३३ डॉलरची वजावट मिळाली, ६० टक्क्यांनी कर वाचला ७९ डॉलर ८० सेंट. म्हणजे चित्रपट साफ आपटला तरी गुंतवणूकदाराच्या खिशातून गेले फक्त २० डॉलर २० सेंट. उरलेला धोका सरकारी तिजोरीने उचललेला. शिवाय गुंतवणुकीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतची कमाईही करमुक्त.

या योजनेच्या जोरावर त्या दशकात ढीगभर चित्रपट निघाले आणि त्यातले बरेच कोणी पाहिलेही नाहीत. ‘क्रोकोडाइल डंडी’ अपवाद ठरला. सुमारे ८८ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचे भांडवल जवळपास १,४०० गुंतवणूकदारांकडून उभे राहिले. त्यात केरी पॅकर होते, ‘आयएनएक्सएस’ बँडचे सदस्य होते आणि डेनिस लिली, ग्रेग चॅपेल, रॉड मार्श हे क्रिकेटपटूही. दिग्दर्शक पीटर फेमन, टीव्ही शोपासूनचे सहकारी. पटकथा होगन, केन शेडी आणि कॉर्नेल यांची.

एप्रिल १९८६ मध्ये चित्रपट ऑस्ट्रेलियात आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. जगभरात त्याने सुमारे ३२.८ कोटी अमेरिकी डॉलरचा गल्ला जमवला. अमेरिकेत त्या वर्षी त्याच्या पुढे फक्त ‘टॉप गन’ होता. ऑस्ट्रेलियातील ४.७७ कोटी डॉलरच्या कमाईचा देशी चित्रपटांतील विक्रम अजून मोडलेला नाही. होगन यांना ‘गोल्डन ग्लोब’ मिळाला, पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले आणि मार्च १९८७ च्या ऑस्कर सोहळ्याच्या तीन सूत्रधारांपैकी ते एक होते. गोल्डी हॉन आणि चेवी चेस हे दुसरे दोघे. त्याच रात्री पटकथेचे ऑस्कर वूडी अ‍ॅलन घेऊन गेले.

चित्रपटातील चाकूचा प्रसंग न्यायालयात का गेला?

न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एक लुटारू चाकू दाखवतो आणि डंडी हसून स्वतःचा भलामोठा सुरा बाहेर काढतो. चित्रपट न पाहिलेल्यांनाही हा प्रसंग ठाऊक असतो. ‘ग्रॉस्बी’ बुटांच्या जाहिरातीत त्याचीच नक्कल झाली. चाकूच्या जागी बूट आले आणि डंडीसारखा पोशाख केलेला दुसराच माणूस घेतला गेला. होगन न्यायालयात गेले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाच्या पूर्ण पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने त्यांची बाजू उचलून धरली. त्याआधी १९८८ मध्ये ‘डंडी’च्या थाटातील कोआला अस्वलाचे चित्र वापरून स्मृतिवस्तू विकणाऱ्या दुकानांविरुद्धचा खटलाही त्यांनी जिंकला होता.

होगन यांचे नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. तरीही पाहणाऱ्याला त्यांची संमती असल्याचा भास होत असेल, तर ती फसवणूक आहे, असा या निकालांचा गाभा. हे आज जुने वाटत नाही. ‘एआय’ने गायकांचे आवाज हुबेहूब काढता येऊ लागल्यावर २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि न्यायालयाने त्यांच्या आवाजाला व व्यक्तिमत्त्वाला संरक्षण दिले. तंत्रज्ञान बदलले, प्रश्न तोच राहिला.

अर्थात या निकालांना दुसरी बाजू आहे. पूर्ण पीठातील तिसऱ्या न्यायाधीशांना ते पटले नव्हते. विडंबन आणि चोरी यांतली रेषा पुसट असते. आणि परीक्षकांची टिंगल करून मोठा झालेला विनोदवीर आपल्या विडंबनाविरुद्ध न्यायालयात जातो, यातली विसंगतीही दिसल्यावाचून राहत नाही.

चित्रपटात आज काय खुपते?

नव्या प्रतीतून, न्यूयॉर्कच्या बारमध्ये डंडी एका तृतीयपंथी व्यक्तीशी अंगचटीला जातो तो प्रसंग काढून टाकण्यात आला. त्यावरून ‘आजच्या चष्म्यातून जुने चित्रपट कापायचे का’ ही अपेक्षित चर्चाही झाली. मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो जमिनीचा मुद्दा. चित्रपटात मूलनिवासींच्या जमीनहक्कांवर विचारल्यावर डंडी तत्त्वज्ञान सांगतो : जमिनीच्या मालकीवरून भांडणे म्हणजे कुत्रा कोणाचा यावरून दोन पिसवांनी भांडणे. ऐकायला छान. पण याच काळात, २६ ऑक्टोबर १९८५ रोजी, उलुरू हा पवित्र खडक दीर्घ लढ्यानंतर मूलनिवासींच्या नावावर परत झाला होता. ज्यांची जमीन गेली त्यांच्यासाठी मालकी हा विनोदाचा विषय नव्हता. आणि प्रतिमेच्या मालकीसाठी न्यायालयात जाणाऱ्या होगन यांच्यासाठीही तो नव्हताच. डेव्हिड गुलपिलिल यांच्यासारखा थोर मूलनिवासी अभिनेता या चित्रपटात आहे, पण नायकाचा मित्र नेव्हिल या छोट्याशा भूमिकेपुरता.

पुढचे चित्रपट का चालले नाहीत?

दुसरा ‘डंडी’ १९८८ मध्ये आला आणि चांगला चालला. त्यानंतर घसरण. ‘ऑलमोस्ट अ‍ॅन एंजल’ पडला. १९९४ च्या ‘लाइटनिंग जॅक’साठी होगन यांनी थेट सामान्य ऑस्ट्रेलियन गुंतवणूकदारांना हाक दिली. चित्रपटाच्या ट्रस्टची युनिट्स शेअर बाजारात नोंदवली गेली. ‘डंडी’त पैसे न लावल्याची हळहळ अनेकांना होती, त्यांनी यात लावले. चित्रपटाने निराशा केली. २००१ चा तिसरा ‘डंडी’ही आला तसा गेला. ‘स्ट्रेंज बेडफेलोज’ आणि ‘चार्ली अँड बूट्स’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटांत मात्र वय स्वीकारलेले, संथ होगन दिसतात. माझ्या मते अभिनेता म्हणून ते इथे जास्त चांगले आहेत.

करखात्याशी वाद कसा पेटला?

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियाने परदेशी करआश्रयस्थानांचा गैरवापर शोधण्यासाठी ‘प्रोजेक्ट विकेनबी’ ही अनेक यंत्रणांची संयुक्त मोहीम सुरू केली. तिच्या जाळ्यातील सर्वांत मोठी नावे होगन आणि कॉर्नेल यांची. चित्रपटांतून आलेला पैसा परदेशी कंपन्या व खात्यांमार्फत फिरवून कर चुकवला, असा यंत्रणांचा संशय होता. होगन यांनी तो सातत्याने फेटाळला. चौकशीतील कागदपत्रे गोपनीय राहावीत म्हणून ते उच्चतम न्यायालयापर्यंत गेले आणि जून २०१० मध्ये तिथे हरले.

ऑगस्ट २०१० मध्ये होगन अमेरिकेतून सिडनीला आले ते १०१ वर्षांच्या आईच्या अंत्यसंस्कारासाठी. तेव्हाच करखात्याने त्यांच्यावर देश सोडण्यास मनाई करणारा आदेश बजावला. आपल्याकडच्या ‘लुकआउट सर्क्युलर’शी त्याची ढोबळ तुलना करता येईल. ऑस्ट्रेलियात १९५३ च्या करप्रशासन कायद्यानुसार करआयुक्त असा आदेश स्वतःच्या अधिकारात काढू शकतात. आधी न्यायालयाची परवानगी लागत नाही. गुन्हा सिद्ध होणेही आवश्यक नसते. कर बुडण्याची वाजवी शंका पुरते. आदेशाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते. होगन यांच्या बाबतीत काही दिवसांतच तडजोड झाली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ते परत गेले.

नोव्हेंबर २०१० मध्ये गुन्हे आयोगाने फौजदारी चौकशी थांबवली. होगन यांच्यावर कधीच आरोपपत्र दाखल झाले नाही. कराच्या मागणीचा दिवाणी वाद २०१२ मध्ये मिटवण्यात आला. कोणी किती भरले, कोणी किती सोडले, हे गोपनीय ठेवण्यात आले.

मग चूक कोणाची?

एका बाजूला करखात्याचे म्हणणे बिनतोड आहे. ज्या माणसाचे भांडवल करसवलतीतून, म्हणजे इतर करदात्यांच्या खांद्यावर उभे राहिले, त्याच्या नफ्यावरील कराची चौकशी करायलाच हवी. साध्या माणसाची प्रतिमा ही काही करमाफी नव्हे. दुसऱ्या बाजूला, वर्षानुवर्षे चौकशी करून आरोपपत्र दाखल करता येत नसेल, तर अंत्यसंस्काराला आलेल्या माणसाला अडवून यंत्रणेने काय मिळवले? खात्याच्या दृष्टीने तो संशयित देशात हाती लागल्याचा क्षण होता. लोकांच्या दृष्टीने तो आईला निरोप देणारा मुलगा होता. आणि समोर ‘बड्यांना न जुमानणारा लॅरिकिन’ असताना प्रतिमेच्या लढाईत खाते जिंकणे शक्यच नव्हते. खरा तोटा वेगळाच झाला. गोपनीय तडजोडीमुळे ‘विकेनबी’ची कारवाई या प्रकरणात योग्य होती की अतिरेकी, हे ठरवण्याचा मार्गच बंद झाला.

सरकार आणि होगन यांचे पुन्हा जुळले का?

सरकारला डंडी सोडवत नव्हता. सिडनी ऑलिम्पिकच्या २००० मधील समारोपात होगन डंडीच्या वेशात, भल्यामोठ्या हॅटच्या चित्ररथावर अवतरले होते. करवाद मिटल्यानंतर सहा वर्षांनी, २०१८ मध्ये, अमेरिकेत नव्या ‘डंडी’ चित्रपटाचे ‘ट्रेलर’ फिरू लागले. डॅनी मॅकब्राइड, ख्रिस हेम्सवर्थ अशी नावे. सुपर बोलच्या वेळी उलगडा झाला की चित्रपट नाहीच. ‘टुरिझम ऑस्ट्रेलिया’चीच ती जाहिरात होती आणि शेवटी त्यात क्षणभर होगनही दिसले. १९८४ मध्ये त्यांनी देशाची जाहिरात बिनपैशांची केली होती. २०१८ च्या या मोहिमेचा खर्च होता ३ कोटी ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर.